डोळ्याला ‘पुरे’ म्हणणारा उजेड

बंगळुरात वर्षातून दोनदा एक गंमत होते, पोरांनो. २४ एप्रिल आणि १८ ऑगस्टच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्याच पायाखाली गडप होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात त्याला. अशा, सूर्य डोक्यावर घेऊन बसलेल्या गावात तुम्ही राहता, आणि तुमच्या वर्गातले चष्मे मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. इरा, तुझा नंबरही दरवर्षी थोडा थोडा चढतोच आहे. म्हणून आज राजाराणीची गोष्ट नाही, डोळ्याची.

बाळ जन्मतं तेव्हा त्याचा डोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर असतो. मोठ्या माणसाचा २४च्या आसपास. म्हणजे हातपाय वाढतात तसा डोळाही वाढतो. पण हात बोटभर लांब झाला तर काही बिघडत नाही, डोळ्याचं तसं नाही. सिनेमाच्या थिएटरात पडदा भिंतीसकट मागे सरकू लागला तर काय होईल? चित्र पडद्याच्या अलीकडेच जुळेल आणि पडद्यावर नुसता धुरकटपणा दिसेल. लघुदृष्टी म्हणजे हेच. डोळा एक मिलिमीटर जास्त वाढला की अडीच-तीन नंबर लागलाच म्हणून समजा.

मग वाढणाऱ्या डोळ्याला ‘बस, आता पुरे’ असं सांगतं कोण?

“मेंदू!” म्हणणार तुम्ही. शास्त्रज्ञांनाही तसंच वाटायचं. त्यांनी कोंबडीच्या पिल्लांच्या डोळ्यांवर चिमुकली भिंगं बसवली. एका प्रकारच्या भिंगाने चित्र पडद्याच्या मागे जायचं, तर डोळा भराभर वाढून तिथवर पोचायचा. उलटं भिंग लावलं की वाढ मंदावायची. काही दिवसांत डोळा त्या भिंगाशी जुळवून घेई. पुढची गोष्ट ऐका. डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नसच तोडली, तरीही डोळा आपला हिशेब करतच राहिला! पिल्लाला दिसत काहीच नव्हतं, पण डोळ्याला आपली लांबी कळत होती. निसर्गाने प्रत्येक डोळ्यात एक स्वतंत्र मोजणीदार नेमून ठेवला आहे, असं म्हणायला हरकत नाही. मला तर हे देवळातल्या कुठल्याही चमत्कारापेक्षा मोठं वाटतं.

या मोजणीदाराला लागतो उजेड. भरपूर उजेड आत आला की डोळ्याच्या मागच्या पडद्यातून डोपामाइन नावाचं द्रव्य जास्त पाझरतं, आणि वाढीला लगाम घालण्यात त्याचा मोठा हात असावा असं प्रयोगांवरून दिसतं. आता उजेडाचं माप लक्सने करतात. वर्गात किंवा घरात ट्यूबलाइटखाली असतात तीनशे-पाचशे लक्स. ढगाळ दिवशी अंगणात दहा हजारांच्या घरात. लख्ख उन्हात लाखभर. आपल्याला मात्र घरही उजेडाचंच वाटतं, कारण आपला डोळा अंधारउजेडाशी इतक्या सफाईने जुळवून घेतो की दोनशे पटींचा फरक आपल्या लक्षातच येत नाही.

कमी उजेडात वाचू नकोस, डोळे जातील, हे आमच्या आईचं पालुपद. पण हीच तक्रार १८६७ साली हर्मन कोन नावाच्या डॉक्टरने मांडली होती. ब्रेस्लाऊ शहरातल्या आणि आसपासच्या शाळांत जाऊन त्याने १०,०६० मुलांचे डोळे तपासले. जितकी वरची इयत्ता, तितकी लघुदृष्टी जास्त. वर्गात भरपूर उजेड येऊ द्या, बाकं नीट करा, म्हणून तो पुढे आयुष्यभर शाळांच्या मागे लागला. नंतर जग हे विसरलं. आईबापांना चष्मा म्हणून पोरांना चष्मा, एवढ्यावर सगळे गप्प बसले.

त्या गप्पपणाला मोठा धक्का बसला २००८ साली. सिडनी आणि सिंगापूर इथल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना झाली. वंश एक, पण सिडनीत लघुदृष्टी ३.३ टक्के मुलांना आणि सिंगापुरात २९.१ टक्के! पुस्तकं तर सिडनीची मुलंही वाचत होती. मोठा फरक एकच सापडला: ती आठवड्याला पावणेचौदा तास घराबाहेर असत, सिंगापूरची जेमतेम तीन. मग चीनमधल्या ग्वांगझोऊत शाळेच्या दिवसात ४० मिनिटं बाहेरचा तास वाढवून पाहिला. तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी आलेली मुलं ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के झाली. तैवानने तर २०१० पासून रोज दोन तास बाहेर, असा कार्यक्रमच शाळांमध्ये आणला. आपल्याकडे दिल्लीत एम्सच्या डॉक्टरांनी ९,८८४ शाळकरी मुलं तपासली, तेव्हा १३.१ टक्के मुलांना लघुदृष्टी निघाली. रोज दोन तासांहून जास्त बाहेर खेळणाऱ्यांत ती कमी होती.

आता नंबर रोखतो म्हणतात त्या लाल दिव्याकडे येतो, कारण तुमच्या बाबांनी कालच मोबाइलवर ते यंत्र दाखवलं मला. दुर्बिणीसारख्या डब्यात डोळे लावायचे, आत ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश. एका वेळी तीन मिनिटं, दिवसातून दोनदा, आठवड्याचे पाच दिवस. चीनमध्ये हे दिवे आधी आळशी डोळ्यासाठी वापरत. २०२२ साली २६४ मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला: वर्षभरात दिवा घेणाऱ्यांचा डोळा ०.१३ मिलिमीटर वाढला, नुसता चष्मा वापरणाऱ्यांचा ०.३८. आकडे झकास आहेत, नाही म्हणत नाही.

पण निसर्ग इतका सरळ नसतो. हाच लाल प्रकाश माकडांच्या डोळ्यांची वाढ रोखतो आणि कोंबडीच्या पिल्लांची वाढवतो. का, ते कुणाला धड सांगता येत नाही. तिकडे तोक्योच्या केओ विद्यापीठातले शास्त्रज्ञ म्हणतात, खरी किमया जांभळ्या प्रकाशाची, ३६० ते ४०० नॅनोमीटरची. तो उन्हात असतो, पण खिडकीच्या काचा आणि चष्मे त्यातला बराच अडवतात. वाद चालू आहे. लाल दिवा बंद केला की डोळा पुन्हा वेगाने वाढू लागल्याचंही दिसलं आहे. आणि २०२३ साली एका बारा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांच्या पडद्याला या दिव्याने इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. त्यानंतर चीननेच ही यंत्रं सर्वांत कडक नियमांच्या वर्गात टाकली. जुलै २०२४ पासून ते लागू झालं. म्हणून माझं मत ऐका: डोळ्याच्या डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हा डबा मागवायचा नाही.

त्यापेक्षा बाहेरचा उजेड बरा. पण तुम्ही खेळता कुठे? बेसमेंटच्या पार्किंगमध्ये, किंवा क्लासहून आल्यावर संध्याकाळी साडेसहाला. तेव्हा ऊन संपलेलं असतं. पाय दमतात, घाम येतो, पण डोळ्याला काही मिळत नाही. उन्हात करपायचीही गरज नाही. तैवानच्या अभ्यासात हजार लक्सच्या वरचा उजेडही उपयोगी दिसला, आणि लालबागेत किंवा कब्बन पार्कात झाडाखाली सकाळी तेवढा सहज मिळतो. जून-जुलैचं बंगळुरी आभाळ भरलेलं असलं तरी चालतं. फक्त सूर्याकडे बघायचं नाही, कधीच.

गाजर खाऊन नंबर जात नाही. दवात अनवाणी चालूनही नाही. दवाचा गुण शून्य, पण त्या निमित्ताने माणूस सकाळी बाहेर पडतो, हा गुण खरा. एकदा लांबलेला डोळा मात्र आखूड होत नाही, आणि ज्याला चष्मा लागला आहे त्याला बाहेरचा उजेड पहिल्याइतका उपयोगी पडत नाही. त्याच्यासाठी डॉक्टरांकडे ॲट्रोपिनचे अगदी सौम्य थेंब आहेत, खास काचा आहेत. इरासाठी तेच विचारायचं. धाकट्याला अजून चष्मा नाही, त्याला बाहेर हाकलायचं.

आणि सुनबाई, पुढच्या पालकसभेत एवढंच सांगून ये: परीक्षा जवळ आली म्हणून पी.टी.चा तास गणिताला देऊ नका.