जुन्या कोडमधली न पाहिलेली ‘पोच’ : काढायची कधी, ठेवायची कधी?

सुरत : रिंग रोडच्या कापड मार्केटात बिल, स्टॉक, उधारी आता कॉम्प्युटरवरच चालते. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, तेव्हा जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये घाईघाईने बदल करावे लागले. गुजरातमधल्या विक्रीला सीजीएसटी-एसजीएसटी, तर तोच माल नवापूर ओलांडून धुळ्याला गेला की आयजीएसटी. अशा ठिगळांवर ठिगळं लावलेल्या कोडची साफसफाई करताना एक प्रश्न हमखास येतो : फंक्शन उत्तर देतं, पण ते कोणी वाचतच नाही. मग ते काढून टाकायचं का?

ट्रान्सपोर्टचं उदाहरण घ्या. पार्सल पाठवलं की पोच येते. फंक्शनही काम करून अशीच पोच देतं, तिला ‘रिटर्न व्हॅल्यू’ म्हणतात. सी भाषेतलं ‘प्रिंटएफ’ किती अक्षरं छापली तो आकडा परत देतं, आणि बहुतेक प्रोग्रामर तिकडे बघतही नाहीत. त्यात बिघडत काही नाही.

पण आपल्याच कोडमध्ये अशी निरुपयोगी पोच राहिली, तर नव्या माणसाला वाटतं की ती कुठेतरी लागत असणार. तो तिला हात लावायला घाबरतो. शिवाय ती तयार करण्यासाठी डेटाबेसमध्ये फुकटची शोधाशोध होत असेल तर प्रोग्राम मंदावतो.

मात्र ‘कोणी वाचत नाही’ याची कारणं दोन. एक, माहितीच बिनकामाची. दुसरं, माहिती गरजेची, पण वाचायची राहून गेली. ‘एफक्लोज’ फाइल बंद करताना डेटा लिहिला गेला नाही तर तसं कळवतं. समजा, बिल सेव्ह करणारं फंक्शन ‘झालं’ की ‘नाही झालं’ सांगतंय आणि कोणी तपासत नाही. डिस्क भरली, बिल सेव्ह झालं नाही, तरी पडद्यावर सगळं ठीक दिसेल. गोंधळ कळेल तो थेट महिनाअखेरच्या हिशोबात. इथे पोच काढायची नाही, वाचायला लागायचं.

खरंच निरुपयोगी असेल, तर आधी ते फंक्शन कुठून कुठून बोलावलं जातं ते शोधा. रिपोर्ट आणि दुसऱ्या प्रोग्रामांतसुद्धा. सी किंवा जावामध्ये रिटर्न टाइप ‘व्हॉइड’ करा; कुठे उत्तर वापरलं असेल तर कंपायलर लगेच अडवतो. पायथॉनमध्ये अशी आपोआप राखण नसते, म्हणून तिथे टेस्ट हव्यातच. फक्त त्या उत्तरासाठी केलेला हिशोबही काढा, पण त्यातून स्टॉक कमी-जास्त होत नाही ना, हे बघूनच. हा बदल वेगळा ठेवा, म्हणजे चुकलं तर तेवढाच मागे घेता येतो.

उलट, जी पोच वाचलीच पाहिजे तिच्यासाठीही सोय आहे. सी प्लस प्लसच्या २०१७ च्या आवृत्तीत ‘नोडिस्कार्ड’ ही खूण आली. ती लावली की उत्तर दुर्लक्षित करणाऱ्याला कंपायलर इशारा देतो. साफसफाई करताना काही पोच निघतील, तर काहींवर ही खूण लागेल.