ऊसतोडीला गेलं म्हणून मतदार यादीतलं नाव कटतं का?

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून कोयते निघतात, थेट पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक. 2024 च्या विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला, म्हणजे हंगामाच्या तोंडावरच होतं. मतासाठी गावी यायचं तर गाडीभाडं खिशातून, दिवसाची तोड बुडणार, वर मुकादमाची उचल डोक्यावर.

पारावर यावरून वाद होतो. सहा महिने गावात नसणाऱ्याचं नाव यादीत कशाला, असं काहीजण म्हणतात. पण 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 20 स्पष्ट आहे. तात्पुरतं बाहेर गेल्यानं गावचा रहिवास संपत नाही. 'हा इथं राहत नाही' म्हणून नाव काढायचं झालं तरी आधी त्या मतदाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.

दुसरे म्हणतात, कारखान्यावरच मशीन ठेवा. मागणी रास्तच आहे. निवडणूक आयोगानं जानेवारी 2023 मध्ये 72 मतदारसंघांचं मतदान घेऊ शकणारं रिमोट मशीन पक्षांपुढं आणलं होतं. विरोधी पक्षांनी शंका काढल्या आणि विधानसभेला ते काही आलं नाही. सैनिकाला टपाली मत आहे, तोडकऱ्याला नाही.

म्हणून फडावर जायच्या आधीच 1950 नंबरवर किंवा बीएलओकडं नाव बघून घ्यावं. कटलं असेल तर फॉर्म 6 भरावा. उमेदवारी अर्जाची मुदत संपली की यादीत नवं नाव घेत नाहीत. नाव यादीत असेल आणि मतदार कार्ड हरवलं असेल, तर आधार किंवा रोजगार हमीचं जॉबकार्डही चालतं. कार्ड आहे पण यादीत नाव नाही, तर मत देता येत नाही.