‘गुणसुंदरी’ची शंभरी

मुंबईच्या कोहिनूर कंपनीने 1927 साली काढलेल्या ‘गुणसुंदरी’ची शंभरी तोंडावर आली आहे आणि आपल्या हाती त्याचं एक रीळही नाही. चंदुलाल शहांच्या या मूकपटात देव नव्हते की राजे नव्हते. घरकामाला जुंपलेली बायको (गोहर) आणि धंद्याच्या काळज्या घेऊन घरी येणारा नवरा (राजा सँडो) यांची ही गोष्ट. त्याचं ऐकून घ्यायला तिला सवड नाही, म्हणून तो नाचणारणीच्या दारी जातो. इंग्रजी नावात तर नवरे बहकतात का, असा थेट सवालच होता. नुसतं घर सांभाळून भागत नाही, बायकोने नवऱ्याची सोबतीणही व्हायला हवं, हे त्याचं उत्तर आज खटकेल, कारण दोष पुन्हा तिच्याच पदरात पडतो. पण मध्यमवर्गीय संसारातली धुसफूस तेव्हा पडद्यावर कशी मांडली जात होती, हे ठरवायला तोच पुरावा हवा होता.

असे पट हरवल्याचं खापर नायट्रेटवर फोडून आपण मोकळे होतो. नायट्रेटची फिल्म पेट घेते, चिकट होते आणि शेवटी तिची तपकिरी भुकटी उरते, हे खरंच. पण फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (1919) त्याच फिल्मवरचा होता आणि तो बराचसा उरला. ‘शिराझ’ (1928) विलायतेत सांभाळला गेला म्हणून आजही दिसतो. ज्याला कुणी जपणारा भेटला तो पट तगला. चंदुलाल शहांनी हीच कथा 1934 मध्ये गोहरलाच घेऊन बोलती केली, 1948 मध्ये ती निरुपा रॉय यांच्यासह गुजरातीत आली. मग गोष्ट हरवली कुठे, असं कुणी विचारेल. माझ्या मते या नव्या आवृत्त्यांनीच जुनीची गरज संपवली. मुक्या रिळांना बाजारात किंमत उरली नव्हती, आणि गोहरने शब्दांवाचून हा संसार कसा उभा केला, हे बोलपटातून कळणार नाही.

1934 नंतरची तीसेक वर्षं जुनी रिळं जपण्यासाठी काही घडलंच नाही. 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं, तिथे पी. के. नायरांनी हाती लागेल ते गोळा केलं. 1991 मध्ये ते निवृत्त झाले. त्यानंतरचं दशक मात्र आपण सगळ्यांनी उघड्या डोळ्यांनी वाया घालवलं. वाहिन्या वाढल्या, नवरा-बायको आणि ‘ती’ घराघरांत रोज संध्याकाळी येऊ लागली, पण या कथांची मूळ रिळं कुठे आहेत, हे ना निर्मात्यांनी विचारलं ना समीक्षकांनी. जानेवारी 2003 मध्ये पुण्यातल्या प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारातली नायट्रेटची कोठारं पेटली. तेव्हा चार दिवस हळहळलो, पुढे विसरलो.

2022 मध्ये संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. डिजिटायझेशनला निधी आहे, मग तक्रार कसली, असं म्हटलं जातं. पण तो पैसा हातात आहे ते दुरुस्त करतो. जे हातात नाही ते शोधायला वेगळी माणसं लागतात, जुन्या वितरकांच्या वारसांची दारं ठोठावणारी, परदेशी संग्रहालयांच्या याद्या चाळणारी. असं काम फळतं. वेश्येच्या नादी लागलेल्या पुरुषाची गोष्ट सांगणाऱ्या ‘बिल्वमंगल’चे (1919) तुकडे पॅरिसच्या सिनेमॅटेकमध्ये सापडले आणि 2016 मध्ये पुण्यात आले. महामंडळाने ‘गुणसुंदरी’साठी असा शोध आजच सुरू करावा, शंभरीच्या समारंभाची वाट बघत बसू नये.