मऊ जागेवरचे टाके

ऐन भातलावणीत अण्णांचे डोळे पिवळे झाले. पौडला सगळे म्हणाले, कावीळ, झाडपाला द्या. पण पोट दुखत नव्हतं, नुसती खाज. स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ पित्तनलिका दाबते, तेव्हा असंही होतं. शेवटी परळचं टाटा रुग्णालय गाठलं. तिथे अण्णांची तीच गाठ शस्त्रक्रियेनं काढायचं ठरलं.

१९३५ साली व्हिपल यांनी मांडलेल्या या शस्त्रक्रियेत गाठीसोबत लहान आतड्याची सुरुवातही काढतात. मग उरलेलं स्वादुपिंड आतड्याला शिवायचं. ते लोण्यासारखं मऊ, टाका धरवत नाही. गळलं तर पाचकरस आपल्यालाच पचवू लागतो! टाटाच्या डॉ. शैलेश श्रीखंडे यांचं बरंच संशोधन या जोडणीवर आहे. याच जोडणीवरच्या, स्वादुपिंड-शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०१७ सालच्या निवेदनाचे पहिले लेखक तेच. निष्कर्ष प्रामाणिक: गळती हमखास थांबवणारी एकही पद्धत नाही.

शस्त्रक्रिया झालेले अण्णा आता भाकरीबरोबर पाचकरसाची गोळी घेतात, कुरकुरत.