संगणक एक, टपाल दोन : घरचा ईमेल आणि शेतीधंद्याचा ईमेल वेगळा कसा ठेवाल?



बियाण्याचे धान्य आणि खाण्याचे धान्य आपण एका कणगीत कधी ठेवत नाही. ठेवले, तर ऐन पेरणीला कपाळावर हात मारून घ्यायची पाळी येते. ईमेलच्या बाबतीत मात्र पुष्कळ घरांत नेमका हाच घोळ असतो. घरात संगणक एक, ईमेलचा पत्ताही एकच. त्यावरच बँकेची पत्रे, व्यापाऱ्याची मागणी, गटाची बिले, मुलाच्या कॉलेजची सूचना आणि लग्नाचे फोटो. संगणक एकच असायला काही हरकत नाही. पण टपालाच्या पिशव्या दोन हव्यात. त्या कशा करायच्या, ते क्रमाने पाहू.

वेगळे कशासाठी?

पहिले कारण जागेचे. गुगलच्या मोफत खात्याला १५ जीबी जागा मिळते. ही जागा ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. १ जून २०२१ पासून गुगल फोटोमध्ये नव्याने जमा होणारे फोटोही या जागेत मोजले जातात. आता होते काय, घरातल्या मोबाईलवर तेच खाते चालू असते. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप तिथे जमा होत जातात आणि जागा भरते. जागा भरली की नवी पत्रे येणे बंद होते, आपल्याला पाठवताही येत नाहीत. व्यापाऱ्याने पाठवलेले पत्र त्याच्याकडे परत जाते आणि आपण इकडे वाट पाहत बसतो.

दुसरे कारण वाचलेल्या पत्राचे. न वाचलेले पत्र ठळक अक्षरांत दिसते. कोणी एकदा उघडले की ते साधे होते. मुलाने सहज उघडून पाहिले, सांगायचे राहिले, की तुमच्या नजरेतून ते पत्र सुटलेच म्हणून समजा. त्यात पैसे भरण्याची शेवटची तारीख असेल तर नुकसान ठरलेले.

तिसरे कारण माणसांचे. मुलगा नोकरीसाठी शहरात जातो, मुलगी लग्न होऊन सासरी जाते, गटाचा सचिव बदलतो. खाते त्यांच्या नावाने आणि त्यांच्या मोबाईल नंबरावर उघडलेले असेल, तर धंद्याच्या टपालाची किल्लीही त्यांच्याबरोबर जाते. त्यांच्या मनात काही वाईट नसते, पण काम अडते ते अडतेच.

काम पहिले : संगणकात प्रत्येकाची खोली

एका घरात जशा वेगळ्या खोल्या, तशी एका संगणकात वेगळी वापरकर्ता खाती करता येतात. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज' उघडा, 'अकाउंट्स' वर जा, मग 'अदर यूजर्स' आणि 'अ‍ॅड अकाउंट'. विंडोज १० मध्ये 'फॅमिली अँड अदर यूजर्स' असे लिहिलेले दिसेल. मात्र विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. संगणकाला ११ चालत असेल तर ते घालून घेणे बरे.

साधारण घराला तीन खोल्या पुरतात. एक शेतीधंद्याची, एक घरातल्या मोठ्यांची, एक मुलांची. प्रत्येकीला वेगळा पासवर्ड द्या. खात्याचे दोन प्रकार असतात. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणजे घराचा कारभारी, त्याला सगळे बदलता येते. 'स्टँडर्ड यूजर' म्हणजे आपल्या खोलीपुरता मालक. कारभारी खाते घरात एकच ठेवा आणि रोजच्या कामाला ते वापरू नका. बाकी सर्वांना स्टँडर्ड खाते द्या. मग मुलाने एखादा खेळ उतरवून घ्यायचे ठरवले, तरी संपूर्ण संगणकात बदल करणारा प्रोग्रॅम कारभाऱ्याच्या पासवर्डाशिवाय बसत नाही.

एका खोलीतले कागद दुसऱ्या खोलीतल्या स्टँडर्ड खात्याला दिसत नाहीत. सातबारा, आधार किंवा पासबुकाची प्रत अशी सगळ्यांना लागणारी कागदपत्रे असतील, तर ती सर्वांना दिसणाऱ्या 'पब्लिक' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवता येतात.

जागेवरून उठताना एक सवय लावून घ्या. कळफलकावर विंडोजच्या खिडकीची खूण असलेले बटण आणि 'एल' ही दोन्ही एकदम दाबा. खोलीला कुलूप लागले. गोठ्याचे फाटक लावल्याशिवाय आपण पाठ फिरवत नाही, तसेच हे.

काम दुसरे : पत्ते दोन

धंद्याचा पत्ता नवा काढा. जीमेलमध्ये पत्त्याचे नाव ६ ते ३० अक्षरांचे चालते. त्यात बागेचे, गटाचे किंवा गावाचे नाव घाला. माणसाचे नाव आणि जन्मसाल घालू नका. माणूस बदलला तरी पत्ता टिकला पाहिजे, कारण तोच बिलावर, पेटीवर आणि पावतीपुस्तकावर छापला जाणार.

खाते काढताना अडचणीच्या वेळेसाठी एक मोबाईल नंबर आणि दुसरा ईमेल पत्ता मागतात. पासवर्ड विसरला तर याच वाटेने खाते परत मिळते. म्हणून तिथे शिकायला बाहेर असलेल्या पोराचा नंबर देऊ नका. जो नंबर घरात कायम राहणार आहे, तोच द्या. नंबर बदलला की त्याच दिवशी तिथेही बदला.

शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनी असेल, तर खर्च सोसून स्वतःच्या नावाचे डोमेन घेता येते. त्याचे पैसे ठरावीक मुदतीने भरावे लागतात. फायदा असा, की प्रत्येक पदाला वेगळा पत्ता देता येतो आणि माणूस गेला तर व्यवस्थापकाला त्याचा पासवर्ड बदलता येतो. लहान गटाला मोफत खातेही चालते, पण त्याचा पासवर्ड किमान दोन जबाबदार माणसांना माहीत असावा.

काम तिसरे : टपाल उघडण्याची रीत

धंद्याचे टपाल धंद्याच्या खोलीतच उघडावे. घरचे टपाल घरच्या खोलीत. एकाच माणसाकडे दोन्ही असतील आणि खोली बदलत बसायचा कंटाळा येत असेल, तर क्रोममध्ये वेगवेगळ्या 'प्रोफाइल' करता येतात. धंद्याची हिरवी, घरची निळी असा रंग द्या, म्हणजे नजर पडताच कळते.

थंडरबर्ड नावाचा मोफत प्रोग्रॅमही आहे. त्यात दोन्ही पत्ते शेजारी शेजारी दिसतात. फक्त पत्र पाठवण्याआधी 'फ्रॉम' या ओळीत कोणता पत्ता आहे ते पाहावे. धंद्याच्या पत्राखाली गटाचे नाव आणि फोन नंबर आपोआप उमटेल अशी सही ठरवून ठेवा. ती दिसली नाही, तर समजावे की चुकीच्या पिशवीतून पत्र निघाले आहे.

अशा प्रोग्रॅममध्ये 'आयमॅप' की 'पॉप' असे विचारले जाते. आयमॅप म्हणजे पत्रे मूळ पेटीत राहतात आणि संगणक, मोबाईल, दोन्हीकडे सारखीच दिसतात. पॉप म्हणजे पत्रे या संगणकावर उतरतात आणि मूळ पेटीत प्रत ठेवायला सांगितले नसेल, तर तिथून जातात. मग संगणकाची डिस्क बिघडली की पत्रेही गेली. आपण आयमॅपच घ्यावे.

दोघे जण एकच धंद्याचे खाते पाहत असतील, तर एक नियम करा. पत्र उघडले पण काम झाले नाही, तर ते पुन्हा 'न वाचलेले' करून ठेवायचे, किंवा त्यावर 'उत्तर बाकी' असे लेबल लावायचे.

काम चौथे : मोबाईल विसरू नका

संगणकात सगळे नीट केले आणि मोबाईल तसाच राहिला, तर केलेली मेहनत पाण्यात जाते. मोबाईलवर गुगल फोटो उघडा, वर कोपऱ्यातल्या चित्रावर बोट ठेवा आणि फोटो कोणत्या खात्यात जमा होत आहेत ते पाहा. धंद्याचे खाते दिसले, तर ते बंद करून घरचे लावा.

काम पाचवे : किल्ल्या सांभाळा

दोन्ही खात्यांना एकच पासवर्ड ठेवू नका. 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करा, म्हणजे पासवर्ड चोरीला गेला तरी दुसऱ्या खुणेशिवाय दार उघडत नाही. गुगल त्यावेळी हवे असल्यास १० आकडे देते. प्रत्येक ८ अंकी, आणि एकदाच चालणारा. मोबाईल हरवला किंवा विहिरीत पडला, तर हेच कामी येतात. ते कागदावर लिहून खरेदीखताच्या पिशवीत ठेवा. संगणकाला चिकटवून ठेवू नका.

माणूस बदलला की पासवर्ड बदला, अडचणीचा नंबर बदला आणि खाते कोणकोणत्या उपकरणांवर चालू आहे ती यादी पाहून जुनी उपकरणे काढून टाका. गटाच्या इतिवृत्तात त्याची नोंद करा. दप्तर हवाली करताना आपण सही घेतो ना, तसेच हे.

जुन्या पत्त्याचे काय?

जुना पत्ता घाईने बंद करू नका. बँक, व्यापारी, विमा, जीएसटी, जिथे जिथे तो दिला आहे त्यांची यादी करा आणि एकेक ठिकाणी नवा कळवा. पुढचे एक वर्ष आठवड्यातून एकदा जुनी पेटी उघडून पाहा. हेही ध्यानात ठेवा, की दोन वर्षे अजिबात न वापरलेले खाते गुगल काढून टाकू शकते. नुसत्या हंगामापुरते खाते असले, तरी मध्ये मध्ये उघडत जावे.

आणि सावध राहा

पिशव्या वेगळ्या असल्या की चोर ओळखणेही सोपे जाते. घरच्या पत्त्यावर 'तुमच्या मालाचे पैसे अडकले आहेत' असे पत्र आले, तर संशय घ्या, कारण व्यापाऱ्याला तो पत्ता आपण दिलेलाच नाही. 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला' असे पत्र कोणत्याही पत्त्यावर आले, तरी त्यातल्या नंबरवर फोन न करता आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर विचारा. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

थोडक्यात

१. संगणकात प्रत्येकाची खोली वेगळी, कारभारी खाते एकच.
२. धंद्याचा पत्ता धंद्याच्या नावाने, माणसाच्या नावाने नाही.
३. पत्रे आयमॅपने घ्या.
४. फोटो धंद्याच्या खात्यात जमा होऊ देऊ नका.
५. पासवर्ड वेगळे, अडचणीचा नंबर घरात राहणारा.
६. माणूस बदलला की किल्ली बदला.

हे सगळे एका दुपारचे काम आहे. हंगाम सुरू होण्याआधी, हाताला थोडी सवड असताना करून टाका. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींना मदतीला घ्या, पण प्रत्येक पायरी आपल्या डोळ्यांनी पाहा आणि वहीत टिपून ठेवा. कारण टपाल आपल्या कष्टाचे आहे, आणि त्याची किल्लीही आपल्याच हाती राहायला हवी.