खाऊची बॅग भरण्याआधी...

दिवाळीच्या सुट्टीत नेपाळचा प्लॅन ठरलाय? अन्नपूर्णा बेस कॅम्प करायचा, पोखऱ्यात दोन दिवस लोळायचं आणि शेवटचा आठवडा काठमांडूतल्या एखाद्या अनाथाश्रमात ‘व्हॉलंटिअरिंग’. ग्रुपवर मेसेजही फिरला असेल, ‘वह्या, खडू, जुने कपडे, चॉकलेट्स, जे असेल ते आणा रे!’ मनात काही वाईट नाही. ट्रेकला जाणाऱ्या किती जणांना हे सुचतं? म्हणूनच सॅक भरण्याआधी पाच मिनिटं काढा आणि एक गोष्ट वाचा.

2004 मध्ये कॉनर ग्रेनन नावाचा अमेरिकन तरुण असाच नेपाळला गेला होता. वर्षभर जग भटकायचं आणि त्याआधी तीन महिने काठमांडूजवळच्या गोदावरी गावातल्या ‘लिटल प्रिन्सेस’ या बालगृहात काम करायचं, एवढाच त्याचा बेत. तेव्हा नेपाळात माओवाद्यांचं युद्ध चालू होतं. ही मुलं अनाथ आहेत, असंच त्याला वाटत होतं. आणि एक दिवस त्यांच्यातल्या दोघा भावांची आईच दारात येऊन उभी राहिली!

हळूहळू सगळा प्रकार उघड झाला. मुलं होती हुमला या नेपाळच्या पार वायव्य टोकाच्या डोंगराळ जिल्ह्यातली. ‘तुमच्या पोराला राजधानीत चांगल्या शाळेत घालतो, युद्धापासून लांब ठेवतो,’ असं सांगून दलालांनी आईबापांकडून पैसे उकळले होते. पोर शिकून मोठं होईल या आशेवर लोकांनी जमिनीही विकल्या. पुढे ग्रेनन मुलांचे फोटो घेऊन हुमलाच्या डोंगरांत पायी फिरला, एकेका मुलाचे आईवडील शोधत. मुलांना घरी पोहोचवण्यासाठी 2006 मध्ये त्याने ‘नेक्स्ट जनरेशन नेपाळ’ ही संस्था सुरू केली.

ही एकट्यादुकट्या घराची गोष्ट असती तर सोडून दिली असती. पण 2015 च्या भूकंपानंतर युनिसेफने सांगितलेला आकडा बघा : नेपाळच्या बालगृहांतल्या किमान 85 टक्के मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी हयात होते. आता नकाशा उघडा. देशात तेव्हा 75 जिल्हे होते, पण सुमारे 90 टक्के बालगृहं पाचच जिल्ह्यांत : काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, चितवन आणि पोखरा ज्यात येतं तो कास्की. म्हणजे जिथे पर्यटक, तिथे बालगृह. अनाथ मुलं काय फक्त टुरिस्ट स्पॉटलाच जन्माला येतात?

हिशेब सरळ आहे. पाहुणे येतात, देणगी देतात, काही जण राहण्याची फीसुद्धा भरतात. पाहुणे हवेत तर मुलं हवीत, मग गावाकडून मुलं आणली जातात. काही ठिकाणी तर त्यांना मुद्दाम हलाखीत ठेवलं जातं, कारण फाटका सदरा दिसला की आपला हात खिशाकडे जातो. सगळीच बालगृहं अशी नाहीत, मनापासून काम करणारीही आहेत. पण एका आठवड्यात तुम्हाला फरक कळेल? ग्रेननसारख्या तिथे राहणाऱ्या माणसालाही तो लगेच कळला नव्हता.

आणि समजा घर चांगलं निघालं, तरी मुलांचं काय? दुसऱ्या दिवशी ती तुमच्या गळ्यात पडतात, सातव्या दिवशी तुम्ही बाय करून निघता. तुमच्या मागून पुढचा ग्रुप. दर आठवड्याला नवा दादा, नवी ताई आणि दर आठवड्याला ताटातूट. तुमच्या धाकट्या भावाच्या बाबतीत हे चाललं असतं?

मग करायचं काय?

फक्त आठवडा हातात असेल तर मुलांमध्ये जाऊ नका. संस्थेला हिशेब, कॉम्प्युटर, वेबसाइट, भाषांतर अशा कामांत हात द्या. शिकवायचंच असेल तर तिथल्या शिक्षकांना तुमचं कौशल्य द्या, ते तुम्ही परतल्यावरही वर्गात राहील.

वस्तू द्यायच्या तर आधी यादी मागवा आणि तिथल्याच बाजारातून घ्या. काठमांडूच्या जुन्या असन बाजारात खरेदी केलीत तर दुकानदाराचंही भलं आणि तुमची पाठही मोकळी. त्या वह्या बालगृहापेक्षा गावातल्या सरकारी शाळेत मुख्याध्यापकांकडे द्या. मग घरी राहून शिकणाऱ्या पोरांनाही त्या मिळतील. वह्यांसाठी कुणाला घर सोडायला लागू नये, एवढंच.

हॉटेलवर कुणी ‘चला, अनाथाश्रम दाखवतो’ म्हणालं तर नको म्हणा. ओळखपत्र न मागता, चौकशी न करता तुम्हाला आत घेतलं तर खूश होऊ नका, सावध व्हा. तुम्हाला विचारलं नाही म्हणजे कुणालाच विचारत नाहीत.

आणि फोटो! आपल्याकडे बालन्याय कायद्यानुसार अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. विमानात बसल्यावर ही शिस्त विसरायची नसते. रील नाही बनली तरी चालेल.

एवढं करूनही एखाद्या संस्थेत जावंसं वाटलं, तर मेलमध्ये पहिला प्रश्न हाच टाका : ‘तुमच्याकडच्या मुलांचे आईवडील कुठे आहेत आणि मुलं घरी परतावीत म्हणून तुम्ही काय करता?’ चांगली संस्था या प्रश्नाने रागावणार नाही, उलट सविस्तर लिहील. उत्तर टाळलं गेलं, तर ग्रुपवर मेसेज टाका, ‘प्लॅन चेंज.’ लाडवांचा डबा ट्रेकवर संपेलच.