पदवी पलंगाखाली?

मैत्रिणींनो, व्हिडिओ गेम म्हणजे पोरांची ढिशाँव-ढिशाँव, असंच ना तुम्हांला वाटतं? मग २०२१ साली निघालेला ऑस्ट्रेलियातला 'अनपॅकिंग' एकदा खेळून पाहाच. मी तो नुकताच संपवला. १९९७ ते २०१८ या काळात एक मुलगी आठदा बिऱ्हाड हलवते. खोकी उघडून तिचं सामान आपण लावायचं. ती स्वतः कुठंच दिसत नाही. २०१० मध्ये ती मित्राच्या घरी राहायला जाते. घर त्याच्याच वस्तूंनी भरलेलं! तिच्या पदवीची फ्रेम शेवटी पलंगाखाली सरकवावी लागते. २०१२ मध्ये ती आईवडिलांकडच्या जुन्या खोलीत परतते. तुमची पदवी कुठं आहे हो? आज शोधा, आणि भिंतीवर एक खिळा ठोकाच.